एचआयएफ-१ अल्फाचा वेस्टर्न: दोन बँडपैकी खरा कोणता?

प्रश्न:
एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठणारं प्रोटीन) वेस्टर्न ब्लॉटवर बघतोय, म्हणजे जेलवर प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधतोय. हेला सेल्सना (मानवी कॅन्सरच्या पेशी) हे प्रोटीन टिकवणारं कोबाल्ट क्लोराइड, १५० मायक्रोमोलर, ६ तास. रिपा बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस), लेनला ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन, १० टक्के जेल, मोनोक्लोनल अँटिबॉडी १:१०००. ९३ किलोडाल्टनजवळ ठसठशीत बँड येतो, पण कोबाल्ट न दिलेल्या लेनमध्येही तेवढाच. ११५च्या आसपास फिकट काहीतरी, तेही कधी असतं, कधी नसतं. अँटिबॉडी बदलावी का?

जेलकर:
इतक्यात नको. ९३ हे ८२६ अमिनो आम्लांवरून काढलेलं वजन. जेलवर हे प्रोटीन ११०-१२०ला येतं. म्हणजे फिकट बँड तुमचा, ठसठशीत नॉन-स्पेसिफिक (अँटिबॉडी दुसऱ्याच प्रोटीनला चिकटल्याने आलेला).

फिकट का, ते लायसिसमध्ये (पेशी फोडण्यात) शोधा. ऑक्सिजन मिळाला की ४०२ आणि ५६४ या प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल बसतो, व्हीएचएल हे प्रोटीन ते ओळखून युबिक्विटिन (नष्ट करायची खूण) लावतं आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) फडशा पाडतो. अर्धायुष्य जेमतेम ५ मिनिटं. ट्रिप्सिन आणि सेंट्रिफ्यूज उरकेपर्यंत माल गेलेला असतो. डिश थेट बर्फावर ठेवा, बर्फगार पीबीएसने (फॉस्फेट-मिठाचं द्रावण) एकदाच धुवा (त्यातही १०० मायक्रोमोलर कोबाल्ट असू द्या) आणि ९५ अंशांचा एसडीएस (प्रोटीन उलगडणारा डिटर्जंट) बफर डिशमध्येच ओतून खरवडा. डीएनएमुळे लायसेट शेंबडासारखा चिकट होईल. सोनिकेट करा किंवा बारीक सुईतून ८-१० वेळा ओढा. प्रोटीन बीसीए पद्धतीने मोजा, एसडीएसमध्ये ब्रॅडफर्ड पद्धत चालत नाही. डीटीटी आणि निळा रंग मोजणीनंतरच घाला.

न्यूक्लिअस५६:
रिपाचा गाळ फेकताय ना? क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याभोवतीची प्रोटीनं) चिकटलेला भाग त्यातच जातो. शिवाय १० टक्क्यांत ९३ आणि ११५ नीट सुटत नाहीत, ७.५ टक्के घ्या, जेलवरून मेंब्रेनवर ट्रान्सफर ओला. प्रोटिअसोम रोखणारं एमजी-१३२ (१० मायक्रोमोलर, ४ तास) दिलंत तर बँडच्या वर धुरकट पट्टा दिसेल. तो युबिक्विटिन लागलेला माल, ब्लॉट बिघडलेला नाही.

ब्लॉटप्रेमी:
कोबाल्टने वाढला एवढ्यावर बँड खरा ठरत नाही. शेजारी आरसीसी४ आणि ७८६-ओ या किडनी कॅन्सरच्या सेल लाइन्स चालवा. दोन्हींत व्हीएचएल निकामी आहे, त्यामुळे आरसीसी४मध्ये कोबाल्टशिवायही बँड हवा. ७८६-ओमध्ये मात्र फक्त एचआयएफ-२ अल्फा असतं. तिथे ११५च्या जागी काही दिसलं, तर अँटिबॉडी भावंडालाही धरतेय; मग खुशाल बदला. हेलात एसआय-आरएनएने (या प्रोटीनची निर्मिती दाबणारा छोटा आरएनए) बँड उतरतो का, तेही बघा.

प्रश्नकर्ता:
लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रोटीन गेलं का ते दाखवणारं) म्हणून व्हिन्क्युलिन चालेल?

जेलकर:
त्याच मेंब्रेनवर नको, तेही १२०च्या आसपासच येतं. ॲक्टिन लावा, ४२ला.