हद्द कुठून जाते तेही बघा

मोबाइल नेटवर्क आपले टॉवर गटागटाने बांधतं; अशा एका गटाचा इलाखा म्हणजे लोकेशन एरिया. फोन नव्या एरियात शिरला की ‘मी इथे आहे’ असं नेटवर्कला कळवतो, तो अपडेट. ‘लोकेशन एरिया मोठा केला की फोनचे अपडेट कमी होतात, खर्च वाचतो’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. अपडेट कमी होतात खरे, पण कॉल आला की त्या एरियातल्या प्रत्येक सेलमधून (सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाचा टापू) फोनला हाका माराव्या लागतात; यालाच पेजिंग म्हणतात. पेजिंगचा हा बोजा त्यात धरलेलाच नाही.

आणि आकाराइतकीच महत्त्वाची असते हद्द. टूजीच्या काळात मी कोल्हापुरात हे एरिया आखायचंच काम करायचो. पंचगंगेच्या पुलाजवळ, ऐन हायवेवर दोन एरियांची हद्द होती. शिरोली एमआयडीसीची शिफ्ट सुटली की पुलावर एकदम शेकडो फोन अपडेट पाठवायचे. जवळच्या घरांतले फोन तर जागचे न हलता कधी या एरियात, कधी त्या एरियात नोंद करत बसायचे; बॅटरी उतरायची ती वेगळीच. हद्द शेतवडीत सरकवली, तेव्हा कुठे अपडेटचा आलेख खाली आला. एलटीईत, म्हणजे फोरजीत, लोकेशन एरियाच्या जागी ट्रॅकिंग एरिया असतात आणि प्रत्येक फोनला १६ पर्यंत ट्रॅकिंग एरियांची यादी देता येते, त्यात फिरताना फक्त ठरावीक वेळाने हजेरी लावायची. रोज शिरोलीला जाणाऱ्याच्या यादीत नदीचे दोन्ही काठ घाला. रंकाळ्याभोवतीच असणाऱ्याला छोटी यादी पुरते. पेजिंगही आधी फोन शेवटचा जिथे दिसला त्या सेलवर करावं, उत्तर नाही आलं तरच पुढे पसरावं.