सिंधू संस्कृती महाराष्ट्रात आली होती

"सिंधू संस्कृती गुजरातपर्यंत आली आणि तिथेच थांबली" असं कुणीतरी म्हटलंय. शाळेतल्या नकाशापुरतं ठीक, पण मग दायमाबादचं काय करायचं? श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावरचं हे गाव. तिथल्या उत्खननात उत्तर हडप्पा काळाचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्याचा, थरच सापडला आहे. त्यात सिंधू लिपीची चिन्हं आहेत आणि कच्च्या विटांनी बांधलेली एक कबरही. त्या विटांच्या लांबी-रुंदी-जाडीचं प्रमाण ४:२:१, म्हणजे थेट हडप्पाचंच. विटेच्या प्रमाणासकट एखादी गोष्ट येते तेव्हा ती नुसत्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आलेली नसते, असं आपलं माझं मत.

१९७४ साली तिथे एका स्थानिक माणसाला खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ. चारही मिळून साठ किलोंच्या वर! रथाचा फोटो नीट बघा. हाकणारा उभा आहे आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा. मात्र या मूर्ती शास्त्रीय उत्खननात, थरात मिळालेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. तो मुद्दा कुणी काढला तर मान्य. विटांचं तसं नाही.