ब्रिटनच्या अवजड उद्योगाचा ऱ्हास: थॅचर यांचे धोरण की आधीपासूनची घसरण?

वाटसरू:
३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील टाटा स्टीलची अखेरची झोतभट्टी (खनिजापासून लोखंड गाळणारी भट्टी) थंडावली आणि योगायोगाने त्याच दिवशी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही बंद झाले. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागले ते वाचतो आहे. काही जण सारे खापर १९७९ मध्ये सत्तेवर आलेल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या माथी फोडतात, तर काही जण म्हणतात की रोगी आधीच अखेरच्या घटका मोजत होता. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. ऱ्हासाची सुरुवात नेमकी केव्हा धरावी? आणि रोजगार जाऊन चाळीस वर्षे लोटली असताना खाणी-कारखान्यांची ती गावे अजूनही मागास का आहेत? माणसे दुसरीकडे गेली असती किंवा नवे उद्योग तेथे आले असते, असे पाठ्यपुस्तकातले अर्थशास्त्र तरी सांगते.

जुनी खातेवही:
सुरुवातीचे एकच वर्ष सांगता येत नाही, कारण प्रत्येक उद्योगाची घसरण वेगळ्या वेळी सुरू झाली. कोळशाचे उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांवर पोहोचले आणि पुन्हा कधीही तेवढे झाले नाही. १ जानेवारी १९४७ रोजी राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे ९५८ खाणी आणि सुमारे सात लाख कामगार आले. १९७० पर्यंत कामगारांची संख्या तीन लाखांच्या खाली गेली होती. खाणी बंद करण्याचा सर्वाधिक वेग साठच्या दशकातले मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या काळातला आहे, ही गोष्ट आज सोयीस्करपणे विसरली जाते.

जहाजबांधणीचे दुखणे निराळे होते. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील निम्म्याहून अधिक जहाजे ब्रिटनमध्ये बांधली जात, पण १९५६ मध्ये जपानने पहिले स्थान घेतले. क्लाइड आणि टाइन नद्यांच्या काठचे कारखाने अरुंद जागेत दाटीवाटीने उभे होते आणि प्रत्येक ग्राहकाला हवे तसे वेगळे जहाज बांधून देण्यात त्यांची हयात गेली होती. १९५६ च्या पेचात सुएझ कालवा बंद पडल्यानंतर मागणी वाढली ती एकाच साच्यातल्या अवाढव्य तेलवाहू जहाजांची, आणि तेथे हे कौशल्य फारसे कामाचे नव्हते. त्यात कोणते काम कोणत्या संघटनेच्या सभासदाने करायचे यावरून सुतार, जोडारी आणि वेल्डर यांच्यात तंटे होत. व्यवस्थापनही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. नफ्याच्या दिवसांत नव्या यंत्रसामग्रीत पैसा घालण्याऐवजी लाभांश वाटला गेला.

विपरीत:
वरील माहिती बरोबर आहे, परंतु निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. घसरण जुनी असली तरी १९७९ ते १९८१ या काळात जे झाले ते घसरण नव्हते, कडेलोट होता. नोव्हेंबर १९७९ मध्ये व्याजदर १७ टक्क्यांवर नेण्यात आला आणि उत्तर समुद्रातील तेलामुळे आधीच चढा असलेला पौंड १९८० मध्ये २ डॉलर ४० सेंटपर्यंत पोहोचला. निर्यातीवर जगणाऱ्या कारखान्याला एकाच वेळी महाग कर्ज आणि महाग चलन हे दोन्ही झेलावे लागले, आणि त्यात कार्यक्षम कारखानेही बुडाले. कारखानदारीचे उत्पादन दोन वर्षांत सुमारे १५ टक्क्यांनी घटले व जानेवारी १९८२ मध्ये बेरोजगारांची संख्या तीस लाखांपलीकडे गेली. साठच्या दशकात एक खाण बंद झाली तर दुसऱ्या खाणीत किंवा नव्या कारखान्यात काम मिळत असे. खाण कामगारांचा १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडल्यानंतर मात्र कामगाराला जाण्यासाठी दुसरीकडे काहीच उरले नव्हते, आणि थॅचर यांच्या धोरणाची जबाबदारी मी तेथे धरतो.

तळटीप:
या मताशी मी बराचसा सहमत आहे, आणि वाटसरू यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सुरू होते.

डरहॅम परगण्यातील कॉन्सेट हे गाव पाहा. १८४० पासून तेथे लोखंडाचा कारखाना होता आणि त्याची तांबडी धूळ घरांच्या छपरांवर व दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कायम बसलेली असे. सप्टेंबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला व सुमारे ३,७०० रोजगार एका फटक्यात गेले. त्यानंतर तेथे आलेल्या उद्योगांपैकी सर्वाधिक गाजलेला उद्योग मक्याच्या चटपटीत खाऊचा होता. तो चालला, परंतु पोलाद कारखान्यातील पगार आणि माणसांची संख्या यांची भरपाई त्यातून होणे शक्यच नव्हते. पूर्वीचा कारखाना केवळ पगार देत नव्हता. दुरुस्तीची दुकाने, वाहतूकदार, उमेदवारी करून काम शिकणारी मुले आणि संध्याकाळचे क्लब हे सारे त्याच्याच आधाराने उभे होते.

डार्बीशरमधील शायरब्रुकची खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर एका क्रीडासाहित्य विक्रेत्याचे प्रचंड गोदाम उभे राहिले. कागदावर रोजगार परत आला. प्रत्यक्षात तो बहुतांशी मजूर पुरवणाऱ्या एजन्सींमार्फत आला, आणि तेथील कामाच्या परिस्थितीवर २०१६ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले.

आता स्थलांतराविषयी. पन्नाशीच्या खाण कामगाराचे घर विकून येणाऱ्या पैशांत दक्षिण इंग्लंडमध्ये एक खोलीही मिळत नसे, आणि नगरपालिकेच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला ते सोडले की दुसरीकडे पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. मग अशा माणसांचे झाले काय? शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल यांनी याचा माग काढला. त्यांच्या मते बेरोजगारीचा मोठा भाग आजारपणाच्या भत्त्यात दडून राहिला. हा भत्ता बेरोजगारी भत्त्यापेक्षा जास्त होता आणि त्यासाठी काम शोधत असल्याचे दाखवावे लागत नसे. ही फसवणूकही नव्हती, कारण खाणीत वीस वर्षे काढलेल्या माणसाचे गुडघे आणि फुप्फुसे खरोखरच निकामी झालेली असत. फरक एवढाच की खाण चालू असती तर तोच माणूस हलक्या कामावर टिकला असता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस असे भत्ते घेणारे ब्रिटनभर सुमारे साडेसात लाख होते, ते २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पंचवीस लाखांवर गेले. सरकारी बेरोजगारीचा आकडा उतरत असताना खाणपट्टे तसेच का राहिले, हे यावरून कळते.

बंदरकाठ:
थोडे विषयाला धरूनच. टाइनकाठच्या वॉल्सेंड येथील स्वॉन हंटर या नामांकित जहाज कारखान्याच्या क्रेन आणि तरती गोदी २००७ मध्ये मुंबईच्या भारती शिपयार्डने विकत घेतली. त्याच वर्षी टाटा स्टीलने सुमारे ६.२ अब्ज पौंड मोजून कोरस ही पोर्ट टॅलबटचा कारखाना असलेली पोलाद कंपनी घेतली. त्या वेळी आपल्याकडे फटाके वाजले, पण भारती पुढे कर्जात बुडाली आणि कोरस टाटांना वर्षानुवर्षे जड गेली. जुने कारखाने स्वस्तात मिळत नाहीत, एवढे तरी यावरून दिसते.

वाटसरू:
सर्वांचे आभार. मग पोर्ट टॅलबटच्या बाबतीत सरकारने वेगळे काय केले?

विपरीत:
या वेळी पैसा आधी आला. विजेवर भंगार वितळवणाऱ्या नव्या भट्टीच्या १.२५ अब्ज पौंड खर्चापैकी ५० कोटी पौंड सरकार देत आहे. मात्र तिला जुन्या भट्टीपेक्षा फारच थोडे कामगार लागतात. इंग्लंडमधील स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्ट्या वाचवण्यासाठी तर १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवार असूनही, संसद बोलावून एका दिवसात कायदा करण्यात आला. १९८० मध्ये कॉन्सेटकरांनीही कारखाना वाचवण्यासाठी लंडनला मोर्चा नेला होता. त्यांच्यासाठी असे काही झाले नव्हते.