एअरगनला मराठीत काय लिहायचं? अग्निशस्त्र की छऱ्याची बंदूक?

रानपाखरू:
मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. आमच्या इथल्या पक्षिमित्रांनी कलेक्टरांना द्यायला एक निवेदन तयार केलंय, एअरगन सरसकट परवान्याखाली आणा म्हणून, आणि त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. सध्या 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 ज्यूल (गोळीच्या ऊर्जेचं माप) च्या आतली आणि 0.177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतची एअरगन असेल तर परवाना लागत नाही. कायद्यातल्या 'फायरआर्म'ला मराठीत शब्द 'अग्निशस्त्र'. मी लिहिलं, "एअरगन हेही अग्निशस्त्रच आहे". घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, अगं पण त्यात आग कुठाय, दारू नाही की ठिणगी नाही. मग 'हवाई बंदूक' केलं तर नणंदेला वाटलं विमानावरची. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय, काय लिहू?

काळाकोट:
सासऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे पण कायद्याला आगीशी देणंघेणं नाही. 1959 च्या कायद्यातल्या व्याख्येत स्फोटकाच्या जोरावर किंवा इतर प्रकारच्या ऊर्जेने काहीही फेकणारं शस्त्र येतं, आणि दाबलेली हवा ही ती 'इतर' ऊर्जा. म्हणजे एअरगन व्याख्येत आधीपासूनच बसलेली आहे, फक्त कमी ताकदीच्या बंदुकांना सूट दिलीय. तुमची मागणी त्या सुटीविरुद्ध आहे, तेवढं स्पष्ट लिहा. बाकी हा केंद्राचा कायदा आहे, कलेक्टर फार तर वर पाठवतील. खरा घोळ भाषांतराचा. हिंदीत आयुध अधिनियम आणि अग्न्यायुध, मराठीत शस्त्र अधिनियम आणि अग्निशस्त्र, आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये भारतीय हत्यार कायदा. कायदा एकच, नावं तीन.

तळकोकण:
आमच्या सिंधुदुर्गात बंदूक म्हटली की ठासणीची नाहीतर काडतुसाची. एअरगनला छऱ्याची बंदूक म्हणतात, पण तो शब्द जपून वापरा कारण बारा बोअरच्या काडतुसात पण छर्रेच असतात, त्यामुळे जुनी माणसं छऱ्याची म्हटलं की ती मोठी बंदूक समजतात. वडिलांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि नेमकं तेव्हाच डुक्कर भातात आणि माकडं माडावर. म्हणून लोक एअरगन घेतात, कुणी हौसेने घेत नाही. निवेदनात शेतकऱ्याला पाखरं मारणारा म्हणून रंगवू नका एवढीच विनंती.

नेमधारी:
छर्रा हा शब्दच मुळात चुकीचा आहे. छर्रा म्हणजे गोल दाणा. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये जातो तो शिशाचा तुकडा असतो, पुढून चपटा, कमरेत बारीक, मागे घेरदार आणि आतून पोकळ, थोडक्यात इवलासा डमरू. वजन अर्धा ग्रॅम. आम्ही रेंजवर पेलेटच म्हणतो. आणि सरसकट परवाना नको हो, 10 मीटरच्या एअर रायफल नेमबाजीपासूनच मुलं सुरुवात करतात. अंजली भागवत 2000 साली सिडनीत फायनलला पोचल्या त्या एअर रायफलवरच. 2019 ला कायदा बदलताना आधी माणशी एकच बंदूक म्हणत होते, खूप ओरड झाली तेव्हा तीनाच्या दोन केल्या. तेव्हा पण नेमबाजांना दारोदार जाऊन समजावावं लागलं होतं.

शुद्धाक्षर:
पेलेट, एअरगन, रायफल. मराठीत काही उरलंय का? 'वायुशस्त्र' लिहा, स्वच्छ शब्द आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्यात शस्त्रवर्ग हा वेगळा वर्गच होता. सावरकरांचे महापौर आणि दिनांक आज सगळे वापरतात, सुरुवातीला तेही कानाला खटकलेच असणार.

तळकोकण:
वायुशस्त्र वाचून आमच्याकडे लोक विषारी वायू समजतील. आणि बंदूक, काडतूस, पिस्तूल काढून टाकायचे का मग? काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून आले ते इथलेच झाले.

पानगळ:
बंदूक हा शब्द अरबीतून आलेला आहे. तिथे बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचं कवचाचं फळ, त्यावरून धनुष्याने मारायची मातीची गोळी. म्हणजे नाव आधी गोळीचं होतं, दारूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या हिशोबाने नुसती 'बंदूक' म्हणायचा पहिला मान एअरगनचा. अरबीत व्हेनिसचं नावही अल बुंदुकिया आहे, तिथून शब्द आला असंही काही जण म्हणतात, मला ते पटत नाही.

उंबरठा:
मला व्युत्पत्तीतलं कळत नाही, पण एक सांगते. मी सातवीत असताना शेजारच्या मोठ्या मुलाने गच्चीवरून होला मारायला नेम धरला आणि माझा धाकटा भाऊ मध्ये आला. छर्रा त्याच्या डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर लागला. डॉक्टर म्हणाले हाडाशी आहे, काढायला गेलो तर जास्त बिघडेल. आज तो पन्नाशीचा आहे, दाढी करताना हाताला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागते, एक्सरेत पांढराशुभ्र ठिपका दिसतो. त्या मुलाची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, अहो ती खेळण्यातली आहे, जत्रेत फुगे फोडतात ती. त्या एका शब्दाने आमच्या घराला किती त्रास झाला. म्हणून रानपाखरू, शब्द कुठलाही घे, पण वाचणाऱ्याला ते खेळणं वाटायला नको. अग्निशस्त्र ठेवलंस तर मला तरी चालेल.

नेमधारी:
ताई, वाचून वाईट वाटलं. रेंजवर पहिला धडा तोच देतो, भरलेली असो नसो, नळी माणसाकडे करायची नाही. खेळणं तर आम्ही चुकूनही म्हणत नाही.

काळाकोट:
मग शीर्षकात लोकांना कळेल ते लिहा, 'छऱ्याची बंदूक (एअरगन)', आणि आत एकदाच, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हे अग्निशस्त्र ठरतं, असं. अग्निशस्त्रापेक्षा मला 'हत्यार' बरं वाटतं, थेट आहे.

शुद्धाक्षर:
हत्यार नको. हत्या करायचं ते हत्यार, निवेदनात आधीच आरोप केल्यासारखं होतं.

पानगळ:
हत्यार हत्येवरून नाही, हातावरून आलंय. हाती धरायचं ते.

शुद्धाक्षर:
याला आधार काय?

तळकोकण:
आधाराचं माहीत नाही, पण आमच्याकडे दसऱ्याला सुतार हत्यारं पुजतात ती करवत, रंधा आणि पटाशी. त्याने कुणाची हत्या केली?

रानपाखरू:
काळाकोट, शीर्षक तुम्ही म्हणता तसंच ठेवलं. तळकोकण, शेतकऱ्यांबद्दलचं वाक्य बदललं. उंबरठा, तुमच्या भावाचं नाव न घालता तो प्रसंग दोन ओळींत घेतला तर चालेल का? रात्रीपर्यंत कळवा.

पानगळ:
सुताराच्या हत्यारावरून आठवलं, देशावर त्यालाच अवजार म्हणतात ना? की शेतीचं ते अवजार आणि कारागिराचं ते हत्यार? सोलापूरकडचं कुणी आहे का इथे?