मदत हवी आहे: शुक्रवारी क्रूझवरून उतरून रोमचा फ्युमिचिनो विमानतळ गाठायचा आहे (सासूबाई-सासरेबुवा, सहा बॅगा आणि अडकलेले युरो)

धागाकर्ती: शेंगदाणा_चटणी

नमस्कार मंडळी. मार्सेय बंदरातून लिहितेय. जहाजावरचं इंटरनेट घेतलेलं नाही, त्यामुळे संध्याकाळी नांगर उचलेपर्यंतच फोन चालणार. उत्तरं उद्या जिनोआला उतरल्यावर वाचेन, म्हणून सगळं एकदम लिहून टाकते. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच जणं: मी, नवरोबा, अकरा वर्षांची लेक, साबा (सासूबाई, ७१, दोन्ही गुडघे गेलेले, काठी घेऊन चालतात) आणि साबु (सासरेबुवा, ७६, ठणठणीत, हीच अडचण). रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात चढलो. साबु त्याला ‘चिवडेवाडी’ म्हणतात आणि आता आम्हीही. पालेर्मो, माल्टा, बार्सिलोना करत आज मार्सेय. उद्या जिनोआ, परवा शुक्रवारी सकाळी सातला परत चिवडेवाडी. तिथे उतरायचं आणि दुपारी ३.१० ला फ्युमिचिनोहून विमान, आखातात बदलून मुंबई.

आता गोंधळ. येताना विमानतळावरून थेट बंदरात आलो, रोम पाहिलंच नाही. नवरोबांनी शोधून काढलंय की चिवितावेक्कियाहून रोमला जाणारी गाडी सान पिएत्रो स्टेशनवर थांबते आणि तिथून व्हॅटिकन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बॅगा कुठेतरी ठेवायच्या, चर्च बघायचं, मग विमानतळ. “रोमला जाऊन रोम न बघता आलो हे लोकांना काय सांगू?” असं त्यांचं म्हणणं. मला पोटात गोळा आलाय. कोणी केलंय का हे?

दुसरं, काल रात्री केबिनमध्ये चिठ्ठी आली: मोठ्या बॅगा गुरुवारी रात्री दाराबाहेर ठेवा. ठेवाव्यात का? सकाळी सापडतात ना? पासपोर्टही आमच्याकडे नाहीत, चढतानाच जमा करून घेतलेत.

तिसरं आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं. जहाजाच्या खात्याला फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून घेतलेलं) जोडलं होतं. कार्डात ९४० युरो होते. आत्तापर्यंतचा खर्च ३८० दाखवतायत, पण कार्डावर शिल्लक फक्त १७५. मधले ३८५ युरो गेले कुठे? रोख ९० आहेत.

अवांतर: साबु आज पहाटे पाचपासून बाल्कनीत उभे होते. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, सावरकरांची उडी, सगळं लेकीला सांगून झालं. पुढे प्रकरण हेगच्या न्यायालयापर्यंत कसं गेलं तेही. मग स्वतःच्या केबिनच्या संडासाला खिडकीच नाही हे लक्षात आल्यापासून ते या जहाजावर नाराज आहेत.

डेकवरचा_वारा

ताई, आधी नकाशा उघडा. चिवितावेक्किया रोमच्या वायव्येला समुद्रकाठी, साधारण ८० किलोमीटरवर. फ्युमिचिनोही रोमच्या बाहेर, समुद्राच्याच बाजूला. म्हणजे बंदरातून विमानतळाला जायला रोममध्ये शिरायचं कारणच नाही. ए-१२ महामार्गाने तासाभरात पोचता. आधी रोम आणि मग उलटं विमानतळ हा द्राविडी प्राणायाम आहे.

आगगाडीनेच जायचं तर तेर्मिनीपर्यंत, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत, जाऊ नका. त्रास्तेव्हेरे स्टेशनला उतरून विमानतळाची एफएल-१ लोकल पकडा, तिकीट ८ युरो. पण बंदरातून स्टेशनवर जायलाच आधी बंदराची बस, मग पुढे चालणं किंवा गावातली दुसरी बस. सहा बॅगा आणि काठी घेऊन मी करणार नाही.

झोळीवाला

मी नवरोबांच्या बाजूने. आम्ही दोघांनी सान पिएत्रो केलंय आणि मस्त झालं. मात्र पाठीवर एकेक सॅक होती आणि विमान रात्री दहाचं होतं. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये, म्हणजे बॅसिलिकात, शिरायला पैसे लागत नाहीत, पण सामान तपासणीची रांग चौकभर फिरते. मोठी बॅग घेऊन आत सोडत नाहीत.

म्हणजे खरं तर मी तुमच्या बाजूनेच आहे. माफ करा हो नवरोबा.

दर्यावर्दी

मी मालवणचा. अकरा वर्षं जहाजावर हाऊसकीपिंगला होतो, आता घरी आंब्याची बाग बघतो. ताई, पैशापासून सुरू करतो.

तुमचे ३८५ गेलेले नाहीत. कार्ड जोडलं की जहाजवाले मधून मधून त्यावर अंदाजाने रक्कम अडकवून ठेवतात, तुम्ही खर्च करा न करा. क्रेडिट कार्डात ते जाणवत नाही कारण मर्यादा मोठी असते. फॉरेक्स कार्डात तुमचेच भरलेले पैसे असतात, ते अडकतात. शेवटी खरं बिल एकदाच लागतं आणि जास्तीचं सुटतं, पण ते सोडणं बँकेच्या हातात. आठवडा धरा, कधी जास्त. आता घाईने दुसरं कार्ड जोडू नका. बिल नव्या कार्डावर जाईल आणि जुन्यावरचे ७६५ तसेच लटकत राहतील. माझं ऐका, आहे तसंच राहू द्या, गाडीचे पैसे क्रेडिट कार्डाने द्या. गुरुवारी रात्री बिलाची प्रत मात्र नक्की घ्या, एकेक ओळ वाचा. लेकीने खेळाच्या खोलीत काय काय टिचकवलंय ते तिथेच कळेल.

बॅगा. तुमच्यासारख्या फेरीत प्रत्येक बंदरात लोक चढतात-उतरतात, त्यामुळे शुक्रवारी अख्खं जहाज रिकामं होणार नाही. तुमच्या रंगाची चिठ्ठी बॅगेला लावा, रात्री दाराबाहेर ठेवा, सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये त्या रंगाच्या रांगेत बॅग असते. हरवत नाही. हरवतो तो माणसांचा मेंदू. सगळं बॅगेत भरतात आणि सकाळी अंगावर गाऊन. एका काकांनी बेल वाजवून माझी पँट मागितली होती. दिली, काय करणार? परत मिळाली नाही. तर शुक्रवारचे कपडे, चपला, आईंच्या गोळ्या, चार्जर, तिकिटं आणि किल्ल्या हातातल्या पिशवीत. केबिनमधली तिजोरी उघडी ठेवून झोपा, म्हणजे त्यात काही राहिलं तर दिसतं.

पासपोर्ट शेवटच्या रात्री परत देतात. कुठे आणि किती वाजता ते आजच रिसेप्शनला विचारा. त्याच वेळी आईंसाठी व्हीलचेअर लिहून घ्यायला सांगा. ती धक्क्यावरच्या इमारतीच्या दारापर्यंत येते, पुढे नाही.

केबिनच्या पोराला काय द्यायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. रोजचा सेवा आकार बिलात लागतोच, तो सगळ्यांत वाटला जातो. हातात दिलेली नोट त्याची स्वतःची. आणि शेवटी अभिप्रायाचा जो फॉर्म येतो त्यात त्याचं नाव लिहा. पुढचं कंत्राट मिळताना ते नाव मोजतात.

गुडघे_बदललेली

विमान कंपनीला साबांच्या व्हीलचेअरचं कळवलंय का? युरोपात निघण्याच्या ४८ तास आधी सांगायचा नियम आहे. उशीर झाला तरी सांगा, नाही म्हणत नाहीत, थांबावं लागतं एवढंच. आणि उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. मी घरच्या बाथरूममध्ये धडपडले होते. साबांना काठी सोडू देऊ नका.

रुळावरून_घसरलेला

शुक्रवार म्हटलंत म्हणून. इटलीत संप हवामानासारखा आधी जाहीर होतो आणि बरेचदा शुक्रवारी असतो. तिथे ‘शोपेरो’ म्हणतात, हा शब्द दिसला की समजा. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल सोडतात. तुम्ही जहाजातून बाहेर पडाल ती वेळ नेमकी या दोन्हींच्या मधली.

काटकसरी_काकू

बार्सिलोनात काही घेतलं असेल तर व्हॅट परताव्याचा (पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो तो) फॉर्म घेतला का? स्पेनमध्ये किमान खरेदीची अट नाही, इटली-फ्रान्समध्ये आहे. युरोपीय संघातून शेवटचे बाहेर पडता तिथे, म्हणजे फ्युमिचिनोला, कस्टमचा शिक्का घ्यायचा. वस्तू दाखवायला सांगतात, तेव्हा बॅग विमानात देण्याच्या आधी.

व्हिसा एकच प्रवेशाचा असेल तरी काळजी नको, तुमची सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांतली, माल्टासुद्धा. आमच्या गटातल्या दोघांना ग्रीस-तुर्कस्तानची फेरी घ्यायची होती. मधे कुसादासीला तुर्कस्तानात उतरायचं म्हणजे परत येताना पुन्हा प्रवेश, त्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. निघायच्या आदल्या आठवड्यात कळलं. कसली रडारड!

शेंगदाणा_चटणी

जिनोआहून लिहितेय. काय लोक आहात तुम्ही! दर्यावर्दी दादा, तुमचा प्रतिसाद साबुंना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, हा माणूस खरा.

पासपोर्ट रात्री नऊला मिळणार, व्हीलचेअर लिहून घेतली. पाच जणांची मोठी गाडी १६० युरोला ठरवली, सकाळी पावणेनऊला. नवरोबा अजून ओस्तिया अँटिकाचे फोटो दाखवतायत, विमानतळाच्या जवळच रोमन काळातलं अख्खं गाव आहे म्हणे. तिथल्या रस्त्याच्या दगडांचे फोटो मी साबांना दाखवले. विषय संपला.

केबिनमधला मुलगा मडगावचा निघाला. इतके दिवस आम्ही इंग्रजीत बोलत होतो, साबांनी काल त्याला “बाळा, साधा भात मिळेल का?” विचारलं तर तो मराठीत “आणतो आई” म्हणाला! डब्यातल्या मेतकुटाबरोबर त्यांनी आठवड्याने पोटभर जेवण केलं. त्याला तीस युरो देतेय, कमी नाही ना?

दर्यावर्दी

पुष्कळ झाले. अभिप्रायाचा फॉर्म विसरू नका. आणि संध्याकाळी जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो, ते तुमच्या रोमिंग पॅकमध्ये नसतं. गेल्या आठवडाभरात टाकला नसेल तर बिल बघा एकदा.

शेंगदाणा_चटणी

पुण्यात पोचून नऊ दिवस झाले, कपडे धुऊन संपले, म्हणून आता लिहितेय.

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी धक्क्यावर होतो. पाच बॅगा हिरव्या रांगेत, सहावी निळ्यात, कारण लेकीने तिला आवडला तो रंग लावला होता. गाडीवाला वेळेवर आला. दहाच्या आधी विमानतळावर पोचलो तर आमच्या विमानाचे काउंटर उघडलेलेही नव्हते. नवरोबांनी दोन तास घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघून घेतलं. काही बोलले नाहीत. कस्टमच्या शिक्क्याला पाऊण तास गेला, व्हीलचेअरला अर्धा, पासपोर्टच्या रांगेत बोटांचे ठसे आणि फोटो. विमानाच्या दाराशी पोचलो तेव्हा लोक आत बसायला लागले होते. तेव्हा मी त्यांच्याकडे बघून घेतलं.

साबु सोसायटीत सगळ्यांना मार्सेय सांगतायत. संडासाच्या खिडकीसकट.

फोनचं बिल ठीक आलं. फॉरेक्स कार्डावर मात्र ३८० कापले गेले आणि ३८५ अजून अडकलेलेच आहेत. बँकेत फोन केला तर “जहाज कंपनीला विचारा”, कंपनीला मेल केला तर “बँकेला विचारा”. कोणाचे सुटलेत का यापेक्षा उशिरा? बँकेला लेखी काय द्यायचं असतं?