आठवीला बोस्टनचा गोळीबार शिकवायचाय, वर्गात काय करून घेऊ?

खडूधूळ: नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका मिडल स्कूलमध्ये मी सोशल स्टडीज शिकवते. पुढच्या आठवड्यात ५ मार्च १७७० चा, म्हणजे बोस्टनवर ब्रिटिशांचं राज्य होतं तेव्हाचा, बोस्टनचा गोळीबार घ्यायचाय. पुस्तकात जेमतेम दोन परिच्छेद आहेत: जमावाने बर्फाचे गोळे मारले, ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. मुलं प्रश्नांची उत्तरं लिहितात आणि विसरून जातात. अर्धा वर्ग सैनिक, अर्धा जमाव असं नाटुकलं बसवावं का? कुणी केलंय का असं?

जुनी_पाटी: नाटुकलं नको. आरडाओरडा मुलांच्या लक्षात राहतो, प्रसंग राहत नाही. त्या काळचा बोस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअर याचं या घटनेवरचं कोरीव चित्र भिंतीवर लावा आणि नाव-गाव काहीही न सांगता नुसतं बघायला सांगा. सैनिक एका रांगेत उभे, सगळ्यांच्या बंदुका एकदम सुटलेल्या, मागे तलवार उगारलेला त्यांचा कॅप्टन प्रेस्टन, समोर निःशस्त्र सभ्य माणसं, आणि इमारतीवर चक्क ‘बुचर्स हॉल’ (खाटिकखाना) अशी पाटी. घटना रात्रीची, पण चित्रातलं आकाश निळं. काय घडलं असेल ते मुलांनी या चित्रावरूनच लिहायचं.

मग प्रेस्टन आणि सैनिकांवर चाललेल्या खटल्यातल्या साक्षी वाटा. डॅनिएल केलेफ म्हणतो, कॅप्टन प्रेस्टनने हुकूम दिला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. रिचर्ड पाम्सचा हात प्रेस्टनच्या खांद्यावर होता, तरी हुकूम कोणी दिला ते त्याला सांगता येत नाही. प्रेस्टनचं म्हणणं, मी बंदुकांच्या पुढे उभा होतो, गोळ्या सुटल्या तर पहिला मीच मरेन असं मी जमावाला सांगितलं होतं. आता चित्रातला कॅप्टन कुठे उभा आहे ते मुलांना विचारा. वर्गात वाद पेटतो तो इथे, आणि प्रत्येकाला कागदावर बोट ठेवूनच बोलावं लागतं. मला हा तास फार प्रिय आहे.

निकाल मात्र शेवटपर्यंत फोडू नका. प्रेस्टन सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबित झाला आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं.

नदीकाठ: छान सांगितलंत. एक भर घालते. सैनिकांचं वकीलपत्र पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सने घेतलं, एवढं सांगून त्याला न्यायप्रिय नायक करून थांबू नका. त्याच्या भाषणाचा तुकडाही वाचायला द्या. जमावात उनाड पोरं, काळे, मिश्रवंशीय, आयरिश आणि खलाशी होते असं म्हणून तो ज्यूरीला आपल्याकडे वळवतो. क्रिस्पस ॲटक्सच्या तर नुसत्या दिसण्यानेच कुणालाही धडकी भरली असती, असं म्हणतो. ॲटक्स आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा, गेलेल्या पाचांपैकी एक. रिव्हिअरच्या चित्रात तो ओळखूच येत नाही. एकाने त्याला पुसलं, दुसऱ्याने त्याच्यावर खापर फोडलं. माझ्या वर्गातल्या काळ्या मुलांना हे कुणी सांगावं लागत नाही, ती आपणहून बोलायला लागतात.

आणि ताई, नाटुकल्याची सवय पुढे गुलामगिरीच्या धड्यापर्यंत अजिबात नेऊ नका. लिलाव वगैरे वर्गात कधीच करू नये, मुलं दुखावतात. त्याऐवजी पळून गेलेल्या माणसांना शोधण्यासाठी मालकांनी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिराती वाचून घ्या. मालक स्वतःच लिहून जातो की हा माणूस उत्तम सुतार आहे, याला वाचता येतं, याच्या पाठीवर वळ आहेत.

खडूधूळ: दोघांचे मनापासून आभार. नाटुकलं रद्द. पण माझा तास पंचेचाळीस मिनिटांचा आहे आणि वर्गात इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं बरीच आहेत. जुनी भाषा झेपेल का?

जुनी_पाटी: साक्षी चारच घ्या, प्रत्येकी पाच-सहा ओळी. सोप्या इंग्रजीत लिहा आणि शेजारी मूळ मजकूर ठेवा. काही मुलं तो हट्टाने वाचतातच. चित्राला पहिली दहा मिनिटं द्या. ॲडम्सचं भाषण दुसऱ्या दिवशी घ्या, एका तासात कोंबू नका. गट तीन-तीन मुलांचे करा, त्याहून मोठे केलेत की एकच बोलतो.