इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मचा प्रवेश: आपापले अनुभव लिहा (अनुभव धागा)

मंडळी, आमची धाकटी यंदा इयर ११ ला (आपली दहावी म्हणा) आहे आणि घरात परत सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे त्यापुढच्या दोन वर्षांचा, आपल्या अकरावी-बारावीचा, विषय सुरू झालाय. थोरल्याच्या वेळी आम्ही दोघंही अगदी कोरे होतो. आपल्या डोक्यात अकरावीचा प्रवेश म्हणजे आधी दहावीचा निकाल, मग कॉलेजांची पसंती भरायची, मग पहिली यादी, दुसरी यादी, कट-ऑफ. इथे उलटं. जीसीएसईचे (इयर ११ च्या शेवटच्या बोर्डाच्या परीक्षेचे) पेपर मे-जूनमध्ये, निकाल ऑगस्टच्या शेवटी, आणि फॉर्म मात्र त्याच्या आधीच्या हिवाळ्यात भरायचे, म्हणजे मुलाने अजून एक पेपर दिलेला नसतो आणि शाळेने दिलेल्या प्रेडिक्टेड ग्रेडवर सगळं चालतं. शिवाय इयर ७ ला (माध्यमिक शाळेत जाताना) कसा स्थानिक काउन्सिलचा एकच फॉर्म असतो तसं काही नाही, प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, शेवटची तारीख वेगळी.

आम्ही हॅम्पशायरमध्ये राहतो. इथल्या बऱ्याच सरकारी शाळा इयर ११ लाच संपतात, त्यामुळे "आहे त्याच शाळेत राहू दे" हा पर्यायच नसतो, सगळ्यांना बाहेर पडावंच लागतं. विंचेस्टरचं पीटर सायमंड्स, फार्नबरोचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज ही मोठी नावं, बसने ट्रेनने लांबून पोरं येतात. (पीटर सायमंड्सला तर फॉकलंड बेटांवरून मुलं शिकायला येऊन राहतात, हे मला ओपन ईव्हनिंगला कळलं तेव्हा आमचा ४० मिनिटांचा प्रवास काहीच वाटेना.)

थोरल्याचा इंटरव्ह्यू मला अजून डोळ्यासमोर आहे. छोटी खोली, एक बाई, आणि आम्ही तिघं. बाईंनी विचारलं फिजिक्स का घ्यायचंय, आणि ह्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, इंजिनिअरिंग, स्कोप, सगळं. बाईंनी शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं, मग स्वतःची खुर्ची थोडी वळवून लेकाच्या समोर आणली आणि तोच प्रश्न परत विचारला. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. पण त्या दिवसानंतर ह्यांनी त्याच्या एकाही फॉर्मला हात लावला नाही.

ऑफर आली ती अटींची, मॅथ्सला ७ हवा (जीसीएसईच्या ग्रेड १ ते ९, ९ सगळ्यात वरची) आणि फर्दर मॅथ्स (गणिताचा वेगळा, वरचा विषय) घ्यायचं तर ८. २५ ऑगस्ट २०२२ ला निकाल लागला, मॅथ्सला ७ आला. कॉलेजची जागा पक्की, फर्दर मॅथ्स गेलं. आमच्या हे लक्षातच आलं नव्हतं की कॉलेजची अट वेगळी आणि प्रत्येक विषयाची अट वेगळी असते. एनरोलमेंटला कॉलेजच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये टेबलं मांडलेली, हातात निकालाचा कागद घेऊन पोरं रांगेत, आणि आमचा रडवेला. टेबलावरच्या सरांनी विचारलं, शाळेत कुठल्या तासाची वाट बघायचास? तो म्हणाला जिओग्राफी. मी आई असून मला हे पहिल्यांदा कळत होतं. जिओग्राफीत जागा होती. मॅथ्स, फिजिक्स, जिओग्राफी केलं आणि आज पोरगा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे.

तर आता तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही. धाकटीला उपयोग होईलच, पण भारतातून नवीन आलेल्यांना जास्त होईल.

*

लेस्टरहून

ताई, छान धागा काढलात. आमच्या लेकीचं जरा वेगळं. तिला ए लेव्हल (सिक्स्थ फॉर्ममधला नेहमीचा विषयवार अभ्यास, बहुतेक मुलं तीन विषय घेतात) नकोच होतं. शाळेत ती हुशार, सगळीकडे ६ आणि ७, त्यामुळे शाळेतही आणि घरीही सगळे एकच म्हणायचे की बायॉलॉजी केमिस्ट्री घे. तिने ओपन डेला जाऊन टी लेव्हलची (प्रत्यक्ष कामाशी जोडलेला दोन वर्षांचा कोर्स) माहिती आणली, हेल्थची. माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे सायन्स सोडलं का गं पोरीने?" आणि मला उत्तर देता येईना, कारण मलाच कळलं नव्हतं. हे कोर्स २०२० मध्ये सुरू झाले, आमच्या ओळखीत कोणीच केलेला नव्हता.

मग आम्ही दोघी कॉलेजात जाऊन बसलो, नीट विचारलं. एक टी लेव्हल म्हणजे तीन ए लेव्हलच्या बरोबरीचं, डिस्टिंक्शन मिळालं तर युकासचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाची संस्था) १४४ पॉइंट्स, म्हणजे तीन 'ए' मिळाल्यासारखेच. आणि वर्गाबाहेरचं कमीत कमी ४५ दिवसांचं काम. पण हेही स्पष्ट सांगितलं त्यांनी, की सगळ्या युनिव्हर्सिटी सगळ्या कोर्सला टी लेव्हल घेत नाहीत, मेडिसिन डोक्यात असेल तर हा रस्ता नको. लेकीला नर्सिंगच करायचं होतं. तिचं प्लेसमेंट वॉर्डात झालं, पहिल्या आठवड्यात एका आजींचे केस विंचरून वेणी घालून दिली, आजी तिला रोज हाक मारायच्या. घरी येऊन ते सांगताना तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या मनातली शंका तिथेच संपली.

ज्यांना वाटतं ए लेव्हल नाही म्हणजे मुलगी मागे पडली, त्यांनी एकदा कॉलेजात जाऊन समोरासमोर बोलावं, एवढं कळकळीने सांगते.

*

मिल्टन कीन्सहून

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मुलाची दहावी नुकतीच झालेली. स्टेट बोर्ड, ९१ टक्के, आम्हाला वाटलं काही अडचण नाही. जुलैत पोचलो आणि तोपर्यंत सगळे फॉर्म कधीच बंद झालेले. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकेका कॉलेजला ईमेल करायचो. एका ठिकाणहून उत्तर आलं की आमच्या यादीत ही परीक्षा नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. दोन ओळी. इतकं वाईट वाटलं, दहा वर्षांचा अभ्यास आणि दोन ओळीत निकाल.

दुसऱ्या कॉलेजने बोलावलं. मार्कशीट, पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, पत्त्याचा कागद. त्यांनी स्वतःची मॅथ्स आणि इंग्लिशची टेस्ट घेतली. मॅथ्स उत्तम गेलं, मॅथ्स-फिजिक्स-केमिस्ट्री मिळालं. इंग्लिशला मात्र म्हणाले जीसीएसई करावं लागेल, ए लेव्हलच्या बरोबरीने. इथला नियमच आहे, इंग्लिश आणि मॅथ्सला ४ किंवा त्याच्या तोडीचं काही नसेल तर सिक्स्थ फॉर्ममध्येही तो विषय चालू ठेवावा लागतो. मुलाला अपमान वाटला, इंग्लिश मीडियमचा पोरगा. पण त्याच वर्गात त्याला पहिला मित्र भेटला, तोही नवीनच आलेला, हाँगकाँगचा. आज दोघं एकत्र क्रिकेट खेळतात.

फी एक पौंडही लागली नाही, मुलगा माझ्या वर्क व्हिसावर असूनही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आम्ही तिकीट काढायच्या आधी या काळजीने रात्री जागलोय.

*

रेडिंगहून

वरच्या दादांच्या अनुभवाला जोडून, जन्मतारीख नक्की बघा! इथे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वर्ष धरतात. माझी भाची दहावी पास होऊन आली पण ती लवकर शाळेत घातलेली, त्या ३१ ऑगस्टला तिला १६ पूर्ण नव्हती, त्यामुळे तिला इयर ११ मध्ये घातलं आणि एका वर्षात जीसीएसई द्यावी लागली. अवघड गेलं पण फायदाच झाला म्हणेन, इंग्लिश मॅथ्सचा प्रश्न मिटला आणि बाकीच्यांसारखा वेळेत फॉर्म भरता आला.

*

पूर्व लंडनहून

आमच्याकडे चॉइस इतका की त्याचाच त्रास. न्यूहॅममध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत इतके नावाजलेले सिक्स्थ फॉर्म झालेत, स्ट्रॅटफर्डचं लंडन अकॅडमी ऑफ एक्सलन्स २०१२ ला सुरू झालं, ब्रॅम्प्टन मॅनरचं नाव तर दरवर्षी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बातमीत असतं. लांबलांबून मुलं अर्ज करतात. लेकीने पाच ठिकाणी केला. कोणी अडवत नाही, पाच ऑफर आल्या तर पाचही ऑगस्टपर्यंत हातात ठेवता येतात, फक्त नंतर जिथे जायचं नाही त्यांना कळवावं, कोणाची तरी जागा अडलेली असते.

पर्सनल स्टेटमेंटवर आमची तीन आठवडे वादावादी. मला वाटायचं तिने पियानोच्या ग्रेड आणि मॅथ्स चॅलेंजचं सर्टिफिकेट लिहावं. तिने लिहिलं आजीबद्दल. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) जाताना लेकच बरोबर जाते, डॉक्टर काय म्हणाले ते मराठीत सांगते आणि आजी काय म्हणते ते इंग्रजीत. "कळ येते" आणि "ठणकतं" आणि "आग होते" या तिन्हीला डॉक्टरांना वेगवेगळं काय सांगायचं, यावर तिने अख्खा परिच्छेद लिहिला होता. मी वाचून गप्प बसले. इंटरव्ह्यूत दहातली आठ मिनिटं त्याच्यावरच बोलणं झालं.

एका ठिकाणी नकार आला, प्रेडिक्टेड ग्रेड कमी पडल्या, तिथे सगळीकडे ८ अपेक्षित आणि हिला केमिस्ट्रीला ७. नोव्हेंबरच्या मॉक्सच्या (शाळेतल्या सराव परीक्षेच्या) आठवड्यात तिला फ्लू होता आणि प्रेडिक्शन त्याच मार्कांवरून आलं. शाळेला वेळेत सांगितलं असतं तर कदाचित बदललं असतं, आम्ही सांगितलं नाही, आम्हाला माहीतच नव्हतं की सांगायचं असतं. म्हणून सांगते, मॉक्स हलक्यात घेऊ नका, आणि आजारपण वगैरे असेल तर लगेच हेड ऑफ इयरला (त्या वर्षाच्या प्रमुख शिक्षकांना) ईमेल करा.

आता जाते तिथे बसने ५० मिनिटं. सोळा प्लसचं झिप ऑयस्टर (प्रवासाचं कार्ड) काढलं की लंडनमध्ये बस-ट्राम फुकट, ते उन्हाळ्यातच काढून ठेवा.

*

बर्मिंगहॅमहून

मी आईवडिलांच्या पिढीतली नाही, मी स्वतः सिक्स्थ फॉर्म करून आता युनीत दुसऱ्या वर्षाला आहे, आईने धागा दाखवला म्हणून लिहितेय, मराठी टायपिंग चुकलं तर समजून घ्या. माझं इंग्लिश लँग्वेज राहिलं, ३ आला. बाकी सगळं चांगलं आणि हे एकच. रिझल्ट उघडला तेव्हा मला वाटलं संपलं, कॉलेज जाणार. बाबा म्हणाले फोन लाव. मीच लावला, हात थरथरत होता. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, ये, एनरोल कर, नोव्हेंबरमध्ये री-सीट देता येते इंग्लिश आणि मॅथ्सची. दिली, ५ आला. ज्या मुलांना आत्ता भीती वाटतेय त्यांच्यासाठी लिहिलं, एक ३ आला म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, पण त्या दिवशी घरी बसून राहू नका, लगेच फोन करा.

*

ॲबरडीनहून

स्कॉटलंडमध्ये कोणी येणार असेल तर, इथे सिक्स्थ फॉर्म, जीसीएसई, ए लेव्हल हा सगळा प्रकारच नाही. मुलं त्याच शाळेत पाचव्या-सहाव्या वर्षाला राहतात आणि हायर्स नावाच्या परीक्षा देतात. आमच्या कंपनीतलं एक कुटुंब वर्षाच्या मध्ये इंग्लंडहून बदलून आलं, मुलाची फार ओढाताण झाली. बदली टाळता येत असेल तर या दोन वर्षांत टाळा.

*

लीड्सहून

लिहू की नको करत होतो. आमच्या मुलाला ऑटिझम आहे, ईएचसी प्लॅन (खास मदत लागणाऱ्या मुलांसाठी काउन्सिल करतं तो आराखडा) आहे. त्याचा रस्ता बाकीच्यांसारखा नसतो, कॉलेजला सरळ फॉर्म भरून भागत नाही, कॉलेजचं नाव प्लॅनमध्ये यावं लागतं आणि इयर ११ च्या ३१ मार्चपर्यंत काउन्सिलने ते करायचं असतं. म्हणून आम्ही इयर १० मध्येच कॉलेजं बघायला लागलो. आमच्या वेळी ती तारीख उलटून गेली तरी कागद आला नाही, मे महिन्यात पेपर सुरू आणि सप्टेंबरला कुठे जायचं हे माहीत नाही. ज्या मुलाला उद्याचा डबा काय हेही आदल्या रात्री सांगावं लागतं त्याला "बघू" हे उत्तर किती जड जातं ते घरातल्यांनाच कळतं. बायको रोज फोन करायची, कोणाशी बोलली, काय म्हणाले, सगळं वहीत तारखेनिशी. ती वहीच शेवटी कामाला आली.

कॉलेजमधल्या सपोर्ट टीमचं मात्र मनापासून कौतुक. जुलैत कॉलेज रिकामं असताना त्याला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा फक्त गेटपासून लायब्ररीपर्यंत. दुसऱ्यांदा कँटीन. तिसऱ्यांदा तो स्वतः आम्हाला दाखवत होता, कुठला दरवाजा ढकलायचा आणि कुठला ओढायचा.

*

(धागाकर्ती) हॅम्पशायरहून

लीड्सचे दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत, वहिनींना सांगा ती वही जपून ठेवा, कोणाला तरी नमुना म्हणून लागेल. आणि बर्मिंगहॅमच्या मुली, तुझं मराठी छान आहे गं.

लंडनच्या ताईंचं वाचून आज धाकटीला विचारलं की मॉक्सच्या आधी शाळेला काही सांगायचं आहे का. आधी नाही म्हणाली. मग अर्ध्या तासाने खाली येऊन म्हणाली की मॅथ्सच्या सेटमध्ये (तिच्या गटाच्या वर्गात) दोन महिने रोज वेगळे सर येतायत आणि अर्धा धडा झालेलाच नाही. उद्या सकाळी हेड ऑफ इयरला ईमेल करतेय. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला पहिली ओपन ईव्हनिंग आहे, तिने प्रश्नांची यादी स्वतः केलीय, मला दाखवली नाही. बाकीचे लिहीत राहा, वाचतेय.